हळू स्विंगवाल्यांची बॅग

माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन) १३ अंश आहे. टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेवर, कुणी नवीन भिडू सोबत आला की त्याची नजर आधी क्लबच्या तळावर कोरलेल्या आकड्याकडे जाते, मग माझ्याकडे, आणि मग तो सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागतो. त्याच्या बॅगेत ९ किंवा ९.५ अंशांचा ड्रायव्हर असतो. तो त्याला झेपतो की नाही हा वेगळा विषय, पण टीव्हीवरचे खेळाडू तसाच वापरतात, म्हणून असतो.

माझी भाची कॉलेजच्या संघातून खेळते. चेंडू असा मारते की मला तो पडलेला दिसतच नाही. तिने हा ड्रायव्हर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा म्हणाली, "मावशी, हा ड्रायव्हर आहे की वेज?" मी म्हटलं, "तुझ्या हातात वेज, माझ्या हातात ड्रायव्हर." ती हसली, पण मी गंमत करत नव्हते. (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचा जास्त लॉफ्टचा क्लब.)

नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत मोजमापं करण्यात गेली, त्यामुळे कुठलाही आकडा वहीत उतरवून ठेवायची खोड आहे. माझ्या स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ७५ मैलांच्या आसपास असतो. पुरुषांच्या व्यावसायिक पीजीए टूरवर हाच आकडा सरासरीने ११५ च्या आसपास आहे आणि महिलांच्या एलपीजीए टूरवर नव्वदीत. मुद्दा असा की ७५ आणि ११५ हे एकाच खेळाचे कमी-जास्त आकडे नाहीत. चेंडू हवेत टिकण्याचं गणितच दोन्हीकडे वेगळं आहे, आणि गोल्फची बहुतेक उपकरणं, बहुतेक व्हिडिओ आणि बहुतेक सल्ले ११५ वाल्यांकडे बघून तयार होतात.

गणित अवघड नाही. चेंडू मागच्या बाजूला फिरत उडतो, त्या फिरकीमुळे त्याला वर उचलणारा जोर मिळतो, आणि अंगावरच्या तीनशे-चारशे खळग्यांमुळे हवेचा विरोध कमी होतो. पण हा वर उचलणारा जोर वेगावर अवलंबून असतो. चेंडू जोरात निघाला तर तो कमी कोनात निघूनही हवेत तरंगत राहतो, वरच चढतो. हळू निघाला तर त्याला कुणी वर धरून ठेवत नाही, तो सरळ खाली येतो. बागेतल्या नळीला पाण्याचा दाब कमी असला की लांबच्या झाडापर्यंत पाणी पोचवायला नळीचं तोंड वर करावं लागतं, तसंच हे. वेग नसेल तर कोन हवा. म्हणून १३ अंश.

"पण वाऱ्यात उंच चेंडूचं काय?" हे मला नेहमी विचारतात. वेगच कमी असल्यामुळे माझ्या चेंडूची फिरकीही बेताचीच असते. जोरात मारणाऱ्यांचा चेंडू समोरच्या वाऱ्यात फुग्यासारखा वर जाऊन जागच्या जागी पडतो, तो प्रकार माझ्या बाबतीत फारसा होत नाही. समोरून वारा असला की मी एक क्लब मोठा घेते, विषय संपला.

लॉफ्टची ही गोष्ट ड्रायव्हरपुरती असती तर मी एवढं लिहिलं नसतं. खरी गंमत आयर्न्समध्ये, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या, नंबर वाढेल तसा लॉफ्ट वाढणाऱ्या क्लबांमध्ये आहे. माझ्याकडे आधी नेहमीचा पूर्ण सेट होता, ५ नंबर आयर्नपासून पुढे. सरावाच्या मैदानावर प्रत्येक क्लबचा कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीला टेकतो ते अंतर, मी लिहून काढलं. ५ नंबर आणि ७ नंबर आयर्नचा कॅरी जवळपास सारखाच, शंभर यार्डांच्या आगेमागे. मधला ६ नंबरही तिथेच. तीन क्लब, तीन आकडे, अंतर एकच. जोरात मारणाऱ्याच्या हातात प्रत्येक क्लबमागे दहा-पंधरा यार्डांचा फरक पडतो, कारण कमी लॉफ्टचा चेंडूही हवेत टिकेल एवढा वेग त्याच्याकडे असतो. हळू स्विंगमध्ये लांबच्या आयर्न्सचे आकडे एकमेकांवर चढून बसतात. ही माहिती सेटच्या खोक्यावर छापलेली नसते.

म्हणून आता माझ्या बॅगेत नऊ क्लब आहेत. ड्रायव्हर, कॅरी १४५ यार्ड. १९ अंशांचं ५ वूड (वूड म्हणजे मोठ्या, पोकळ डोक्याचा क्लब), १२८. २४ अंशांचं ९ वूड, ११४. मग एक हायब्रिड, म्हणजे वूड आणि आयर्नच्या मधला क्लब, शंभर. ८ नंबर आयर्न, ८८. पिचिंग वेज, ७२. ५० अंशांची वेज साठ यार्ड आणि ५६ अंशांची पंचेचाळीस. आणि ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू ढकलायला पटर. प्रत्येक दोन क्लबांमध्ये बारा ते सतरा यार्डांचं अंतर आहे आणि एकही क्लब दुसऱ्याच्या पायात पाय घालत नाही.

नियमाने १४ चालतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आली आणि ब्रिटनमधल्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने ती १९३९ मध्ये लागू केली, कारण त्याआधी लॉसन लिटलसारखे खेळाडू वीसहून जास्त क्लब घेऊन फिरत आणि कॅडीचा (बॅग वाहणाऱ्याचा) खांदा निघायची वेळ येई. पण चौदा ही वरची मर्यादा आहे, भरायची जागा नव्हे. चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने १९१६ ची यूएस ओपन सात क्लबांवर जिंकली, आणि तीही हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या क्लबांवर. हे उदाहरण मी भाचीला वारंवार ऐकवते. तिच्या मते इव्हान्सच्या काळात लोक धोतर नेसूनही जिंकले असते. असो.

९ वूडबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्याला नाक मुरडणारे फार. फेअरवे वूडचं वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा चेंडू उंच जातो आणि उंचावरून उतरतो. ग्रीनवर चेंडू थांबायचा असेल तर तो कुठल्या कोनात उतरतो हे फिरकीइतकंच महत्त्वाचं असतं. टूरवरचा ७ नंबर आयर्न पन्नास अंशांच्या जवळपास उतारानं खाली येतो, धप्पकन. माझा ५ नंबर आयर्न असा सपाट यायचा की ग्रीनवर पडून मागच्या रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, जाऊन बसायचा. ९ वूडने आता क्वचित कधी ग्रीनवर चेंडू पडल्याचा खड्डा दिसतो. बाकीचे लोक तो खड्डा दुरुस्त करायचा कंटाळा करतात. मी दुरुस्त करण्याआधी एकदा डोळे भरून बघून घेते.

आयर्नच्या तळावरच्या आकड्याचाही एक घोळ आहे. त्या आकड्याला कसलंच प्रमाण नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या ७ नंबर आयर्नचा लॉफ्ट ३६ अंशांच्या आसपास असायचा. आज 'अंतर वाढवणाऱ्या' सेटमध्ये तोच ७ नंबर २८ ते ३० अंशांचा येतो, म्हणजे जुन्या ५ नंबरच्या जवळ. लोक म्हणतात, "नवीन सात नंबर वीस यार्ड लांब जातो." जाणारच, आकडा तोच ठेवून क्लब बदललाय. नवीन क्लबांचं वजन खाली सरकवल्यामुळे ते कमी लॉफ्टनेही चेंडू उंच उडवतात, हे खरं. पण ते वेग असणाऱ्यांसाठी. आणि मग पिचिंग वेज ४३ अंशांची झाल्यामुळे ती आणि ५६ अंशांची सँड वेज यांच्यात मोठी दरी पडते, ती भरायला गॅप वेज विकत घ्यायची. माझं म्हणणं एवढंच, की क्लब घेताना तळावरचा नंबर विचारू नका, अंश विचारा.

शाफ्टचंही, म्हणजे क्लबच्या दांड्याचंही, तेच. त्यावर मऊ ते कडक असं सांगणारी एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, पण एका कंपनीचा आर म्हणजे दुसरीचा आर नव्हे. सगळ्यांना बांधील असं मोजमापच ठरलेलं नाही. मला एकदा 'लेडीज सेट' म्हणून जे दाखवण्यात आलं त्यात शाफ्ट मऊ, रंग जांभळा आणि ड्रायव्हरचा लॉफ्ट मात्र साडेदहा. विकणाऱ्याने रंगावर जेवढा विचार केला होता तेवढा अंशांवर केला असता तर बरं झालं असतं. वेग स्त्री-पुरुष बघून येत नाही. माझ्यासोबत खेळणारे एक काका सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांचा वेग माझ्याएवढाच आहे, आणि ते अजून स्टिफ शाफ्टचा ९ अंशांचा ड्रायव्हर घेऊन चेंडू जमिनीसरपट पळवतात. "काका, माझा एकदा मारून बघा," असं मी सुचवलं की म्हणतात, "तुझा तो बायकांचा." काकांचा तो चेंडू ओल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यातल्या कापलेल्या गवतावर) शंभरीही गाठत नाही, आणि कोरड्या फेअरवेवर मला मागे टाकतो. त्यामुळे काकांचं गोल्फ हवामानावर चालतं.

चेंडूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नियमाने व्यास निदान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, बाकी जाहिरात. हळू स्विंगवाल्यांनी मऊ चेंडू घ्यावा, तो 'दाबला जातो' आणि लांब जातो, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. मऊ चेंडू मऊ लागतो, हातांना बरं वाटतं, इतकंच. तो त्यामुळे लांब जात नाही. खरा फरक वरच्या आवरणात आहे. युरेथेनचं आवरण वेजच्या खाचांत पकडलं जातं आणि ग्रीनजवळ जास्त फिरकी घेतं. आयनोमरचं आवरण टणक, ते वेजवरून घसरून जरा उंच निघतं आणि पडल्यावर जास्त घरंगळतं. मी युरेथेनवाला वापरते, तोही एकच प्रकार कायम. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) केल्यावर किती घरंगळेल हा अंदाज दर फेरीला नव्याने शिकायची माझी तयारी नाही.

एक बिनखर्चाची गोष्ट: ग्रिप धुवा. हाताचा घाम, सनस्क्रीन आणि धूळ बसून रबर गुळगुळीत होतं, मग आपण नकळत घट्ट धरतो, मनगटं आखडतात आणि होता नव्हता तो वेगही जातो. साबणाचं कोमट पाणी, जुना ब्रश, नंतर कोरडं फडकं. धुऊनही चकाकी जात नसेल तर ग्रिप बदलायची वेळ झाली.

आता तंत्र. वेग वाढवायचे व्यायाम आहेत, हलक्या आणि जड काठ्या फिरवायच्या असतात, आणि त्यांचा उपयोगही होतो. माझ्या पाठीला ते मानवत नाहीत. पण वेग न वाढवता अंतर वाढवायची एक जागा जवळजवळ प्रत्येक हौशी खेळाडूकडे शिल्लक असते, ती म्हणजे क्लबफेसचा मध्य.

यासाठी पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मिळतो तो घ्या. ड्रायव्हरच्या फेसवर पातळ पांढरा थर मारा आणि चेंडू मारा. थरावर चेंडूचा गोल ठसा उमटतो, खळग्यांसकट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे ठसे बहुतेक टोकाकडे, म्हणजे टो कडे होते, काही पार वरच्या कडेला. हे ठसे खोटं बोलत नाहीत. "मध्यावर लागला बहुतेक" असं आपल्याला वाटलेलं असतं आणि ठसा दोन बोटं बाजूला असतो. (हे फक्त सरावात. स्पर्धेच्या फेरीत क्लबच्या डोक्याला काही लावून मारलेलं नियमात बसत नाही.)

हिशेब करून बघा. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग, या गुणोत्तराला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास जातो. माझा क्लब ७५ मैलांनी येतोय. मध्यावर लागून १.४८ मिळालं तर चेंडू १११ मैलांनी निघतो. टो वर लागून १.३८ मिळालं तर १०३.५ मैलांनी. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे ढोबळमानाने दोन यार्ड धरले तर हा फरक पंधरा यार्डांचा झाला. माझ्यासाठी पंधरा यार्ड म्हणजे एक अख्खा क्लब. तो मला कुठल्याही दुकानात मिळाला नसता.

टो च्या ठशांनी आणखी एक कोडं सुटलं. माझा चेंडू कधीकधी काही कारण नसताना डावीकडे वळायचा आणि मी हातांना दोष द्यायचे. ड्रायव्हरचं डोकं खोल असतं. चेंडू टो वर लागला की डोकं धक्क्याने किंचित उघडतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना उलटी फिरवतात तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू टो वरून डावीकडे वळतो, हील वरून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूवरून, उजवीकडे. म्हणून ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, फुगीर असतो, म्हणजे टो वर लागलेला चेंडू आधी जरा उजवीकडे निघून मग परत येतो. हे एकदा कळल्यावर मी स्विंगमध्ये ढवळाढवळ करायचं थांबवलं आणि चेंडूपासून अर्धा इंच जवळ उभी राहायला लागले. शाफ्टही कापून ४३ इंचांचा करून घेतला. लांब शाफ्ट कागदावर जास्त वेग देतो, पण ठसे फेसभर पसरतात.

दिशेबद्दलचं एक जुनं शिक्षण अजून बरेच लोक उराशी धरून आहेत: स्विंगच्या मार्गाने चेंडू निघतो आणि फेसच्या दिशेकडे वळतो. रडारवर मोजायला लागल्यापासून हे उलट असल्याचं स्पष्ट झालंय. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला बघतोय तिकडे, ड्रायव्हरला तर फार मोठ्या प्रमाणात; आणि फेस व मार्ग यांच्यात जो फरक असतो त्यामुळे तो वळतो. त्यामुळे चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत असेल तर फेस ठीक आहे, मार्ग बाहेरून आत येतोय. उजवीकडेच निघून सरळ जात असेल तर दोन्ही उजवीकडे आहेत. सुरुवात बघा, मग वळण बघा. आपण सगळे फक्त चेंडू कुठे पडला तेवढंच बघतो आणि त्यावरून सल्ले देतो.

आयर्नचं तंत्र मी एका रेघेवर शिकले. गवतावर स्प्रेने रेघ मारायची, तिच्यावर चेंडू न ठेवता स्विंग करायचा आणि गवत कुठे कापलं गेलं ते बघायचं. माती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडायला हवी. रेघेच्या मागे उडाली तर चेंडू ठेवून काय होणार ते सांगायला नको. वजन पुढच्या पायावर गेलं की रेघ सापडते. यात ताकद लागत नाही, म्हणून हळू स्विंगवाल्यांनी हे एवढं तरी पक्कं करावं. ड्रायव्हरला नेमकं उलट: चेंडू पुढच्या टाचेसमोर, टी (चेंडूखालची खुंटी) उंच, आणि क्लब वर चढता चढता लागला पाहिजे. कमी वेगाला हा चढता फटका कॅरीत बरंच काही देऊन जातो.

बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, हळू स्विंगची खरी परीक्षा असते, कारण तिथे चेंडूला नाही, वाळूला उडवायचं असतं, आणि वाळू जड असते. सँड वेजचा तळ फुगीर असतो, त्याला बाउन्स म्हणतात. जीन साराझेन या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लबच्या तळाला धातू चढवून हा प्रकार घडवला. विमान उडवायला शिकताना त्याचे पंख-शेपटी बघून कल्पना सुचली, असं तो सांगायचा. तळाची मागची कड आधी वाळूला लागते आणि क्लब आत घुसण्याऐवजी सरकतो. म्हणून फेस उघडायचा, गुडघे जरा जास्त वाकवून बसल्यासारखं उभं राहायचं आणि चेंडूच्या दोन इंच मागची वाळू पूर्ण स्विंगने काढायची. मी बंकरमधून पाऊण स्विंग कधीच घेत नाही, चेंडू दहाच फूट न्यायचा असला तरी. कमी बाउन्सची वेज 'चपळ' म्हणून घेणाऱ्या हळू स्विंगवाल्यांना माझा विरोध आहे. ती वाळूत फावड्यासारखी रुतते आणि बाहेर काढायला वेग कुठून आणणार?

आणि काठ उंच नसेल, वाळू घट्ट असेल, तर सरळ पटरने बाहेर काढा. लोक हसतील. चेंडू बाहेर असेल.

मैदानावरचा सगळ्यात मोठा बदल उपकरणाने झालाच नाही, टी बदलून झाला. अमेरिकेत २०११ पासून 'टी पुढे घ्या' अशी मोहीम आहे, तिच्या तक्त्यात ड्रायव्हर १७५ यार्ड जात असेल तर १८ होलच्या मैदानाची लांबी ४४०० ते ४६०० यार्ड असावी असं सुचवलंय. घरंगळणं धरून माझा ड्रायव्हर कोरड्या जमिनीवर त्याच्याच आसपास जातो. साडेसहा हजार यार्डांवरून खेळलं की माझ्यासाठी प्रत्येक पार ४ ला (चार फटक्यांत संपवायचा असतो त्या होलला) दुसरा आणि तिसरा फटका वूडचाच, बॅगेतले बाकीचे क्लब नुसते ओझ्याला. पुढच्या टीवरून २९० यार्डांचा होल असला तर ड्रायव्हरनंतर १२० उरतात, आणि मग ९ वूड की हायब्रिड, ग्रीनच्या आधी टाकून घरंगळवायचा की उंच, असा विचार करायला जागा मिळते. गोल्फ मला त्या विचारासाठीच आवडतं. या पुढच्या टीला 'लेडीज टी' म्हणायची सवय जाईल तेव्हा आमचे काकाही तिथून खेळतील आणि खुशीत घरी जातील.

अंतर मोजायच्या यंत्रात सगळे झेंड्यापर्यंतचं अंतर बघतात. मी ग्रीनच्या पुढच्या कडेचं बघते. माझा चेंडू पडल्यावर पळणारच, मग तो कुठे पडला पाहिजे हे मला आधी हवं. समोर बंकर नसेल तर कडेच्या पाच-सात यार्ड अलीकडे टाकायचा आणि जमिनीला काम करू द्यायचं. पाऊस पडून गेल्यावर हा हिशेब कोलमडतो, तेव्हा एक क्लब मोठा. समोर बंकर असेल तर मी त्याच्या बाजूला खेळते आणि चिप-पटचा हिशेब करते. ३६० यार्डांच्या पार ४ ला तीन फटक्यांत ग्रीन गाठायचं हे टीवरच ठरवलेलं असतं, आणि तिसरा फटका ५० किंवा ५६ च्या पूर्ण स्विंगचा उरावा म्हणून दुसरा मुद्दाम कमी मारायचा. या दोन वेजवर माझा सरावाचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

पटिंगबद्दल एकच आकडा मनःशांती देतो: आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात. तेव्हा आठ फुटांवरून हुकला म्हणून पटर बदलू नये. माझं लक्ष लांबच्या पटचा वेग सांभाळण्यावर असतं, कारण घरंगळत आलेले माझे चेंडू झेंड्यापासून तीस-चाळीस फुटांवरच थांबतात. चढ-उतार मी नेहमी खालच्या बाजूने बघते, तिथून तो जास्त खरा दिसतो. २०१९ पासून झेंडा होलातच ठेवून पट करता येतो, तोही मी ठेवते.

हळू स्विंग म्हणजे हळू खेळ नव्हे, हे मात्र मी हट्टाने पाळते. चेंडू हरवल्याची शंका आली तर 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट सांगून दुसरा मारून ठेवायचा, शोधायला आता तीनच मिनिटं असतात. आपली पाळी येण्याआधी क्लब ठरलेला असावा. आणि २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) पद्धतीत एका होलला नेट डबल बोगीपेक्षा (पार, त्यावर दोन, त्यावर आपल्याला त्या होलला मिळणारी सूट) जास्त आकडा मोजलाच जात नाही, शिवाय शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी चांगल्या आठच धरतात. मित्रमंडळींच्या फेरीत तो आकडा झाला की चेंडू उचलून खिशात घालायचा आणि मागच्यांना मोकळं करायचं. बंकरमध्ये आठवा फटका मारून कुणाचंच भलं होत नाही.

सध्या हायब्रिडच्या जागी ११ वूड घ्यावं का, हा विचार चालू आहे. भाचीच्या मते हे फारच झालं. अंश जवळपास तेवढेच आहेत, चेंडू आणखी उंच जाईल, पण रफमधून हायब्रिडचं लहान डोकं सहज निघतं आणि वूडचं गवतात अडकतं. दोन्ही घेऊन सरावाला जाणार आहे, स्प्रे आणि वही सोबत. रफमधले आकडे वेगळ्या पानावर.